औषधशाळेतील नोंद आणि निर्णय

वैद्य स्वतःचे चिकित्सालय थाटतो, पुढे त्याला औषधविक्रीची जोड देतो आणि कालांतराने लहानशी औषधशाळा उभारतो, तेव्हा तो चिकित्सक असतोच, पण त्याबरोबर व्यावसायिकही होतो. चिकित्सेचे शास्त्र त्याने गुरुमुखातून व ग्रंथांतून घेतलेले असते. व्यवसायाचे शास्त्र मात्र त्याला ठेचा खातच शिकावे लागते. माहितीप्रणाली हे त्या शास्त्राचे एक अंग. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांचे विद्यार्थी हा विषय आरंभीच्या वर्षांतच शिकतात. आपल्या क्षेत्रात त्याची चर्चा क्वचितच होते. म्हणून आपल्या व्यवहाराच्या अंगाने त्याचा प्राथमिक परिचय येथे करून देण्याचा विचार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि तोवर वहीवर काम चालणाऱ्या अनेक औषधालयांतही संगणक आला. बिले छापून निघू लागली, विवरणपत्रे वेळेवर जाऊ लागली आणि आपल्याकडे आता ‘प्रणाली’ आहे, असे मालकाला वाटू लागले. अशा एखाद्या औषधशाळेत जाऊन तीन साधे प्रश्न विचारून पाहावेत. पावसाळ्यापूर्वी भरलेल्या अश्वगंधा चूर्णापैकी आज किती शिल्लक आहे? ते कोणत्या व्यापाऱ्याकडून आलेल्या मुळांचे केले होते? आणि त्या बॅचमधील डबे कोणकोणत्या वैद्यांकडे व दुकानांकडे गेले? पुष्कळ ठिकाणी या प्रश्नांची उत्तरे जुन्या कारागिराच्या स्मरणात सापडतात, संगणकात नाही. कारागीर गावी गेला की औषधशाळेची स्मृतीही त्याच्याबरोबर गावी जाते.

नोंद आणि माहिती

‘अमुक दिवशी वीस किलो मुळे आली’ ही नोंद होय. ‘या व्यापाऱ्याच्या मालात गेल्या तीन खेपांत सुकल्यावर जास्त घट आली’ ही माहिती होय. नोंद घडलेल्या गोष्टीची असते. माहिती पुढच्या निर्णयाच्या उपयोगी पडते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर नोंद म्हणजे आहार आणि माहिती म्हणजे त्यापासून झालेला रस. मधल्या अग्नीचे काम जी व्यवस्था करते ती माहितीप्रणाली. ही उपमा फार ताणण्याचे कारण नाही. पण ज्या पेढ्यांत वर्षानुवर्षांच्या फायली साठून आहेत आणि उपयोग मात्र शून्य, तेथे ‘आम’ हा शब्द सुचल्यावाचून राहत नाही.

या व्यवस्थेची पाच अंगे पाठ्यपुस्तकांत सांगितलेली असतात : माणसे, कामाच्या रीती, नोंदी, यंत्रे आणि यंत्रांना दिलेल्या आज्ञावली. यंत्र हे पाचांतील एकच अंग आहे, हे ध्यानात घ्यावे. तसेच प्रणालीचे थरही मानले जातात. रोजचा देवघेवीचा व्यवहार टिपणारा थर तळाशी. त्या नोंदींवरून व्यवस्थापकाला आढावा देणारा त्याच्या वर. आणि ‘असे केले तर काय होईल’ याचा अंदाज देणारा त्याहून वर. बिलाचे सॉफ्टवेअर हा यांतील तळचा थर. तेथेच थांबलेली औषधशाळा शासनाला कर देण्यापुरती व्यवस्थित असते.

चहाच्या दुकानांचा संगणक

माहितीप्रणालीच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद उदाहरण एखाद्या मोठ्या बँकेचे किंवा पोलादाच्या कारखान्याचे नाही. ते लंडनमधील चहा आणि केक विकणाऱ्या एका कंपनीचे आहे. जे. लायन्स अँड कंपनी हे तिचे नाव. १८९४ मध्ये पिकॅडिली येथे तिचे पहिले चहागृह उघडले आणि पुढे लंडनभर व अन्य शहरांतही तिची चहागृहे पसरली. माल नाशवंत, प्रत्येक ग्राहकामागे नफा अत्यल्प, आणि दररोज असंख्य लहान-लहान व्यवहार. या तिन्ही बाबी औषधविक्रेत्याला परक्या वाटू नयेत.

या कंपनीत जॉन सिमन्स नावाचे गणिताचे पदवीधर अधिकारी होते. कार्यालयीन कामाच्या रीतींचा अभ्यास करणारा एक स्वतंत्र विभाग त्यांच्या देखरेखीखाली दुसऱ्या महायुद्धापूर्वीच चालू होता. कोणता कागद कोण भरतो, तो कोठे जातो, आणि तो वाचून कोणी काही ठरवतो की नाही, असे प्रश्न तेथे विचारले जात. १९४७ मध्ये कंपनीचे दोन अधिकारी, थॉम्पसन आणि स्टँडिंगफर्ड, कार्यालयीन पद्धती पाहण्यासाठी अमेरिकेला गेले. प्रिन्स्टन येथे गणितज्ञ हर्मन गोल्डस्टाइन यांनी त्यांना सांगितले की, असे यंत्र तुमच्याच देशात, केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स तयार करीत आहेत. लायन्सने विल्क्स यांच्या कार्याला ३,००० पौंडांची मदत केली. मे १९४९ मध्ये केंब्रिजचे यंत्र चालू झाल्यावर कंपनीने त्याच धर्तीवर स्वतःचा संगणक बांधण्याचे ठरविले. ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’ या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला लिओ म्हणत. नोव्हेंबर १९५१ पासून त्यावर बेकरीच्या मालाचे मूल्यांकन नियमितपणे होऊ लागले. व्यवसायाच्या रोजच्या कामासाठी नियमित वापरलेला जगातील पहिला संगणक म्हणून त्याची गणना होते.

रसशास्त्राच्या अभ्यासकांसाठी येथे एक गमतीची बाब नोंदवावीशी वाटते. लिओची स्मृती पाऱ्यात होती. पाऱ्याने भरलेल्या नळ्यांच्या एका टोकाकडून ध्वनीचे स्पंद सोडले जात. ते दुसऱ्या टोकाला पोहोचले की पुन्हा आरंभी आणून सोडले जात. आणि हे स्पंद असे फिरत असेपर्यंत आकडे स्मरणात राहत. चंचल म्हणून ज्याचे बंधन करण्यात आपल्या आचार्यांनी आयुष्ये वेचली, त्या पारदाला स्मृतीच्या कामी लावले गेले ते त्याला फिरते ठेवून.

खरा मुद्दा मात्र यंत्राचा नाही. १९५४ मध्ये चहागृहांची मागणी लिओवर घेण्यास आरंभ झाला, तेव्हा काय केले गेले ते पाहावे. प्रत्येक चहागृहाच्या व्यवस्थापिकेने रोज शेकडो पदार्थांची संपूर्ण यादी पाठवावी ही रीत मोडली गेली. त्याऐवजी आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी प्रत्येक चहागृहाची एक ठराविक मागणी यंत्रात ठेवली. व्यवस्थापिकेने दूरध्वनीवरून केवळ बदल तेवढा कळवायचा. ऐकणाऱ्या कर्मचाऱ्याने तो तेथल्या तेथे कार्डावर छिद्रे पाडून नोंदवायचा. त्यावरून मालाच्या भरणीच्या याद्या तयार होत आणि कोठे काय जास्त खपते, काय परत येते, याचा आढावाही त्याच नोंदींतून निघे. एकदाच नोंद करावी, फरक तेवढा कळवावा आणि तीच नोंद अनेक कामांस वापरावी, असा तो विचार होता. पगारपत्रकाच्या कामात अनुभवी लिपिकाला एका कर्मचाऱ्यामागे आठ मिनिटे लागत, ते काम लिओ दीड सेकंदात करी. पण तो वेग उपयोगी पडला, कारण त्याआधी वीसेक वर्षे कोणीतरी कागदांची वाट तपासून ठेवली होती. आज आपल्या खिशातील दूरध्वनी लिओपेक्षा कित्येक पटींनी शक्तिमान आहे. वाट तपासण्याचे काम मात्र तो आपल्यासाठी करीत नाही.

तीन प्रश्नांची उत्तरे कोठे आहेत

आता आपल्या औषधशाळेकडे वळू. आरंभीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवण्याचे बंधन औषधनिर्मात्यावर कायद्यानेच घातलेले आहे. उत्तम निर्मितीपद्धतीविषयीचे शेड्यूल टी २००० मध्ये अधिसूचित झाले. त्यानुसार कच्च्या मालाच्या प्रत्येक भांड्यावर द्रव्याचे नाव, पुरवठ्याचे ठिकाण, खेपेचा क्रमांक, आल्याची तारीख आणि ते तपासणीखाली आहे, स्वीकृत आहे की नाकारलेले आहे, हे लिहावे लागते. प्रत्येक बॅचच्या निर्मितीची नोंद ठेवावी लागते. आणि प्रत्येक बॅच कोठे विकली गेली याचीही नोंद लागते. गरज पडल्यास ती बॅच तत्परतेने व संपूर्णपणे परत मागविता यावी, हा त्याचा उद्देश तेथेच सांगितला आहे.

म्हणजे नोंदी आहेत. परंतु त्या तीन निरनिराळ्या वह्यांत, तीन निरनिराळ्या हातांनी, बहुधा निरीक्षक येण्याच्या धास्तीने लिहिलेल्या असतात, आणि एका वहीतून दुसरीत जाण्याची वाट नसते. ती वाट म्हणजे क्रमांक. मुळांच्या खेपेचा क्रमांक बॅचच्या नोंदीत उतरला आणि बॅचचा क्रमांक विक्रीच्या बिलावर उतरला, की साखळी पूर्ण होते. उद्या एखाद्या वैद्याने दूरध्वनी करून सांगितले की, या चूर्णाने दोन रुग्णांना छर्दी झाली, तर त्या बॅचचे उरलेले डबे कोणाकडे आहेत हे तासाभरात समजले पाहिजे. ते समजले नाही तर दोनच मार्ग उरतात : सर्वच चूर्ण परत मागवून नुकसान सोसायचे, किंवा काही होणार नाही अशा भरवशावर स्वस्थ बसायचे. दुसरा मार्ग किती धोक्याचा आहे हे चिकित्सकाला सांगण्याची आवश्यकता नाही.

साखळी जुळवताना आपल्या शास्त्राच्या दोन अडचणी येतात. सर्वसाधारण दुकानासाठी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा विचार सहसा नसतो.

पहिली अडचण नावांची. रास्ना या नावाने उत्तरेत एक वनस्पती मिळते आणि केरळात निराळीच. ब्राह्मी मागितली तर कोणी मंडूकपर्णी देतो. शंखपुष्पीचीही तीच कथा. अशोकाच्या सालीच्या जागी शोभेच्या उंच, हिरव्या ‘अशोका’ची साल बाजारात येते, हे आपण सारेच जाणतो. संगणकाला हा विवेक नाही. ‘ब्राह्मी’ असे लिहिले की त्याच्या लेखी दोन्ही एकच. म्हणून द्रव्यसूचीत प्रत्येक द्रव्याला वनस्पतिशास्त्रीय नावाशी बांधलेला स्वतंत्र संकेतांक द्यावा आणि बाजारातील नाव केवळ टोपणनाव म्हणून ठेवावे. हे काम द्रव्यगुण जाणणाऱ्यानेच करावयाचे आहे; सॉफ्टवेअर विकणाऱ्यावर ते सोपवू नये.

दुसरी अडचण काळाची. किराणा दुकानात सर्व माल एकाच दिशेने जुना होतो. आधी आलेला माल आधी काढावा, हा नियम तेथे पुरेसा असतो. शेड्यूल टीमध्येही कच्च्या मालासाठी आवश्यक तेथे तो पाळण्यास सांगितले आहे. परंतु शार्ङ्गधरसंहितेने चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे म्हटले आहे, गुटी व अवलेह यांना वर्षाची मर्यादा दिली आहे, तर आसव, धातू आणि रसकल्प जुने झाले की अधिक गुणवान होतात असे सांगितले आहे. त्याशिवाय औषधे नियम, १९४५ मधील नियम १६१ ब नुसार लेबलावर छापावी लागणारी मुदत आहेच, आणि कायद्याच्या दृष्टीने तीच बंधनकारक आहे. म्हणून साठ्याच्या सूचीत कल्पाचा प्रकार, भरल्याची तारीख आणि कायदेशीर मुदत असे तीन निराळे रकाने हवेत. मग शास्त्रोक्त काळ उलटत आलेल्या चूर्णांची यादी दर आठवड्याला आपोआप निघू शकेल. त्यावरून पुढच्या वेळी पन्नास किलो चूर्ण करावे की पंधरा किलोंचे तीन वेळा करावे, हे ठरविता येईल. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर बहुतेक लहान औषधशाळांचे भांडवल याच एका निर्णयात अडकलेले असते. घाऊक दराने मुळे स्वस्त पडतात म्हणून मोठी बॅच केली जाते आणि त्यात वाचलेला पैसा पुढे फडताळात पडून राहतो.

चिकित्सालयाकडे

केवळ चिकित्सा करणाऱ्या वैद्यांनी हा विषय परका मानू नये. व्याधिनामांच्या प्रमाणित संकेतांकांसाठी आयुष मंत्रालयाचे ‘नमस्ते’ हे दालन २०१७ पासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या व्याधिनामांचा समावेश असलेला विभाग जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत प्रसिद्ध केला. ‘आमवात’ हे निदान प्रत्येक केसपेपरवर एकाच संकेतांकाने लिहिले गेले तर वर्षाअखेरीस किती आमवाती रुग्ण आले आणि कोणत्या ऋतूत जास्त आले, हे मोजता येते. त्यावरून सिंहनाद गुग्गुळाची मागणी औषधशाळेला आधीच कळविता येते. तेथे चिकित्सालयाची आणि औषधशाळेची नोंद एकमेकींस मिळते.

रुग्णाच्या नावासह ठेवलेली माहिती मात्र त्याच्या विश्वासावर ठेवलेली असते. अंकीय स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आहे. औषधशाळेला मागणी कळविताना आकडे द्यावेत, नावे देऊ नयेत.

सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी महिनाभर एक साधी वही ठेवून पाहावी. या महिन्यात आपण कोणकोणते निर्णय घेतले आणि प्रत्येक वेळी कोणती माहिती हाताशी नव्हती, एवढेच तीत लिहावे. विक्रेत्यासमोर ती वही ठेवावी आणि त्याच्या सॉफ्टवेअरमधून यांपैकी किती उत्तरे निघतात, हे त्याला प्रत्यक्ष आपल्याच नोंदी भरून दाखवायला लावावे. उद्या दुसऱ्याकडे जायचे झाल्यास आपल्या सर्व नोंदी बाहेर काढून मिळतील काय, हेही तेव्हाच विचारून लेखी घ्यावे.