काखेत काही नाही, तरी फुफ्फुसात? फायलोड्स ट्यूमरची वेगळी वाट

स्तनात गाठ लागली की डॉक्टर काखही चाचपून पाहतात. कारण स्तनाचा नेहमीचा कर्करोग पसरायला लागला, की बहुतेकदा आधी काखेतल्या लसिकाग्रंथी गाठतो. फायलोड्स ट्यूमर मात्र ही वाट क्वचितच धरतो.

स्तनाच्या सगळ्या गाठींमध्ये याचं प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी आहे. नेहमीचा कर्करोग दुधाच्या नलिका आणि ग्रंथींच्या अस्तरात सुरू होतो, तर ही गाठ त्यांना आधार देणाऱ्या ऊतींमध्ये वाढते. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी 1838 मध्ये तिचं वर्णन केलं. आत पानांसारख्या घड्या दिसल्या, म्हणून ग्रीक भाषेतल्या 'पान' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडलं. गंमत म्हणजे, म्युलर यांना ही गाठ निरुपद्रवीच वाटली होती.

ते बरंचसं खरंही होतं. साधी, मधली आणि घातक अशा तीन प्रकारांपैकी साध्या गाठीच जास्त आढळतात. दूर पसरण्याचा धोका मुख्यतः घातक प्रकारात असतो आणि त्यातही बहुतेक रुग्णांमध्ये ती पसरत नाही. पण पसरलीच तर रक्तातून, बहुधा थेट फुफ्फुसात किंवा हाडांत. म्हणून काखेतल्या ग्रंथी सहसा काढत नाहीत. घातक गाठीत छातीचा सीटी स्कॅन जास्त महत्त्वाचा ठरतो. हार्मोनच्या गोळ्या इथे उपयोगी पडत नाहीत, केमोथेरपीचा फायदाही मर्यादितच. एकदा दूर पसरली की ती बरी करणं फार अवघड.

त्यामुळे सगळा भर पहिल्या शस्त्रक्रियेवर. आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

हाताला ही गाठ फायब्रोॲडिनोमासारखीच लागते: गुळगुळीत, सरकणारी, बहुधा न दुखणारी. सोनोग्राफीतही फरक कळेलच असं नाही, सुईने घेतलेला तुकडाही चकवू शकतो. फायब्रोॲडिनोमा तरुण मुलींमध्ये जास्त, फायलोड्स चाळिशीच्या आसपास. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भराभर वाढणारी गाठ असेल, तर शंका घ्यायलाच हवी.

'साधी गाठ' म्हणून काढली आणि रिपोर्टमध्ये फायलोड्स निघाली, असं होतं. मधल्या किंवा घातक प्रकारात भोवतीची साधारण 1 सेंटिमीटर निरोगी ऊतीही काढावी लागते, त्यामुळे कधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. कडेला पेशी राहिल्या तर गाठ तिथेच परत येऊ शकते, कधी आधीपेक्षा घातक रूपात.

म्हणून काढलेली गाठ कितीही साधी वाटली तरी ती अख्खी पॅथॉलॉजी तपासणीला गेली का, हे विचारा. रिपोर्ट हातात घ्या, त्यात कडांबद्दल काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून समजून घ्या. दुसरं मत हवं असेल, तर लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घेता येतो.