भाषा आणि यंत्र – लेखांक ७ : बायबल भाषांतरातून घडलेली अक्षरयंत्रणा

संगणकाच्या जगात प्रत्येक भाषेला एक सांकेतिक नाव असते. मराठीचे एम-ए-आर, अहिराणीचे ए-एच-आर, कातकरीचे के-एफ-यू. आयएसओ ६३९-३ या आंतरराष्ट्रीय प्रमाणातली ही तीन अक्षरी नावे २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यांची नोंदवही सांभाळण्याचे काम मात्र कुठल्या सरकारकडे किंवा विद्यापीठाकडे नाही. ते एसआयएल या संस्थेकडे आहे आणि ही संस्था ख्रिस्ती मिशनच्या कामातून उभी राहिली.

कॅमेरॉन टाउनसेंड हा अमेरिकन मिशनरी ग्वाटेमालात स्पॅनिश बायबल विकत फिरत असे. तिथल्या काक्चिकेल लोकांना स्पॅनिश फारसे येत नाही, हे लक्षात आल्यावर तो त्यांची भाषा शिकला आणि तिच्यात नव्या कराराचे भाषांतर केले. असे काम करणाऱ्यांना भाषाशास्त्र शिकवावे म्हणून १९३४ साली त्याने उन्हाळी वर्ग सुरू केला. तीच एसआयएल. कोणत्या भाषेत भाषांतर झालेले नाही हे कळण्यासाठी आधी भाषांची यादी हवी होती. ती १९५१ साली ‘एथ्नोलॉग’ या नावाने निघाली. तेव्हा तिच्यात जेमतेम ४६ भाषा होत्या. १९७१ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठात ही माहिती संगणकावर चढवण्यात आली आणि आजच्या सांकेतिक नावांचे मूळ त्या यादीत आहे. अमुक बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद आपल्याकडे वऱ्हाडी-अहिराणीवरून रंगतो. सांकेतिक नाव देताना त्याचा कुठला तरी एक निकाल लावावाच लागतो. धर्मप्रचाराशी नाते असलेल्या संस्थेने तो लावावा का, हा प्रश्न अभ्यासक विचारतात आणि तो रास्त आहे. धर्मप्रचाराच्याच आक्षेपावरून मेक्सिकोच्या शिक्षण खात्याने १९७९ मध्ये एसआयएलबरोबरचा करार मोडला होता.

नाव मिळाले तरी अक्षर उमटायला हवे. युनिकोडपूर्वीच्या काळात मराठी डीटीपीवाल्यांनी जे भोगले, तेच भाषांतरकारांनीही भोगले. प्रत्येकाचा फॉन्ट निराळा, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसती चित्रविचित्र चिन्हे. युनिकोड आल्यावरही सगळे सुटले नाही. ‘दुसऱ्या’ हा साधा शब्द पाहा. त्याच्या शेवटच्या जोडाक्षरात फाइलमध्ये ऱ, हलन्त आणि य असे संकेत ओळीने साठवलेले असतात आणि त्यापुढे काना. पडद्यावर त्यांतून वळणदार अर्धा र आणि त्याला चिकटलेला य दिसायला हवा. ही जुळणी कुणीतरी नियमांनी सांगावी लागते. मोठ्या लिप्यांसाठी मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांनी ते नियम बसवले. ज्यांच्यामागे बाजार नाही अशा लिप्यांसाठी एसआयएलने ‘ग्राफाइट’ काढले, म्हणजे नियम फॉन्टमध्येच लिहून ठेवण्याची सोय. लिब्रऑफिस आणि फायरफॉक्सने ती पुढे स्वीकारली. याच संस्थेत काम करणाऱ्या जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये काढलेल्या ‘झीटेक’मुळे युनिकोड मजकूर थेट ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत घेता आला. देवनागरीत शास्त्रीय किंवा व्याकरणाची पुस्तके जुळवणारे आजही ते वापरतात. कळफलकासाठीचे ‘कीमन’ मार्क डर्डिन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने १९९३ मध्ये लाओ भाषेसाठी केले होते. ते २०१५ साली एसआयएलकडे आले आणि पुढे मोफत झाले.

पण सर्वांत दूरवर पोचला तो एक परवाना. मिशनच्या कामासाठी केलेला फॉन्ट कुणीही वापरावा, त्यात बदल करावेत, पुन्हा वाटावा, फक्त तो एकटा विकू नये, अशा अटींचा ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ एसआयएलने २००५ च्या सुमारास तयार केला. आज मुक्त फॉन्टांच्या जगात तोच रूढ आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट याच परवान्याखाली मिळतात. मराठी संकेतस्थळांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर ते सर्रास दिसतात. वापरणाऱ्याला त्यामागचा मिशनरी धागा ठाऊक असण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष भाषांतर चालते ते ‘पॅराटेक्स्ट’ या सॉफ्टवेअरमध्ये. पंडिता रमाबाईंचे मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली बाहेर पडले. एवढ्या मोठ्या ग्रंथात एखादे वचन गळले का, एखादे नाव दोन तऱ्हांनी लिहिले गेले का, हे तेव्हा डोळ्यांनीच तपासावे लागे. पॅराटेक्स्टमध्ये मजकूर साध्या खुणांनी बांधलेला असतो. उलटी तिरकी रेघ आणि ‘सी’ म्हणजे अध्याय, तीच रेघ आणि ‘व्ही’ म्हणजे वचन. मार्कच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायाचे बारावे वचन राहिले, तर यंत्र लगेच दाखवते. एका पानावर ‘पेत्र’ आणि दुसऱ्यावर ‘पेतर’ आले, तरी पकडते. गावातला भाषांतरकार, शहरातला संपादक आणि परदेशातला ग्रीकचा जाणकार एकाच मजकुरावर काम करतात. इंटरनेट मिळेल तेव्हा ‘पाठवा-घ्या’ची कळ दाबायची की सर्वांचे बदल एकत्र होतात. ग्रीकच्या जाणकाराला गावातली भाषा येत नसते. म्हणून मजकुराचे शब्दशः उलट भाषांतर शेजारी ठेवतात आणि तो ते वाचून शंका काढतो. हे खटले वेळखाऊच आहे, यंत्र आल्याने फक्त हेलपाटे वाचले.

छापील पुस्तकाच्या पुढचा प्रवासही बदलला. अमेरिकेतल्या लाइफ-चर्चचे ‘यूव्हर्जन’ अ‍ॅप २००८ मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर सुरू झाले तेव्हाच आले आणि त्यात मराठी बायबलही आहे. जिथे वाचणारे थोडे, तिथे ‘फेथ कम्स बाय हिअरिंग’सारख्या संस्था नवा करार स्थानिक आवाजात ध्वनिमुद्रित करतात आणि सौरऊर्जेवरच्या पेट्या किंवा मेमरी कार्डे वाटतात.

या ध्वनिमुद्रणांना अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले. बोललेले ओळखायला यंत्राला शिकवायचे, तर आवाज आणि त्याचा तंतोतंत लेखी पाठ दोन्ही लागतात. शेकडो लहान भाषांत अशी जोडी फक्त नव्या कराराचीच आहे. मेटा कंपनीने २०२३ च्या मे महिन्यात १,१०७ भाषांचे वाक्-ओळख प्रारूप जाहीर केले, ते मुख्यतः अशा वाचनांवर बेतलेले आहे. दर भाषेमागे सरासरी ३२ तासांचा आवाज. वाचणारे बहुतेक पुरुष. त्याने निकालात फारसा फरक पडत नाही, असे कंपनी सांगते. शब्दसंग्रहाची अडचण मात्र उघड आहे. अशा यंत्राने मेंढपाळ, कोळ्याचे जाळे, कुष्ठरोगी हे शब्द भरपूर ऐकलेले असतात. लसीकरण, पीकविमा, जातीचा दाखला हे जवळजवळ नाहीतच.

मालकीचा गुंताही आहे. एथ्नोलॉगची माहिती बरीच वर्षे सर्वांना खुली होती, तिच्यावर २०१५ च्या अखेरीस शुल्क बसले आणि भाषाशास्त्रज्ञांत नाराजी उमटली. यहोवाज विटनेसेसच्या प्रकाशनांतून ३०० हून अधिक भाषांचा समांतर मजकूर ‘जेडब्ल्यू३००’ या नावाने २०१९ मध्ये संशोधकांनी जमवला होता. आफ्रिकी भाषांच्या यंत्रभाषांतराला त्याचा मोठा आधार होता. कॉपीराइटच्या कारणाने तो मागे घ्यावा लागला, तेव्हा त्यावर काम करणाऱ्या गटांना दुसरा मजकूर शोधण्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागली.