परळची शंका, मादागास्करचा दाखला

उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं आणि शेतात झोपड्या घालून राहायचं, ही प्लेगच्या काळची रीत देवळाली प्रवरेकडच्या जुन्या माणसांना सांगावी लागत नसे. माणसं किती गेली याचा हिशेब इतिहासाने ठेवला. उंदरांचं पुढे काय झालं, हे मात्र थोड्यांनीच विचारलं. त्या थोड्यांत परळची प्रयोगशाळा होती.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. 1899 मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि 1905 पासून प्लेग संशोधन आयोगाचं काम तिथेच चाललं. उंदरावरची पिसू हाच रोगाचा वाहक, हे तिथल्या प्रयोगांनी पक्कं केलं. शाळेच्या पुस्तकात येतं ते एवढंच. पण त्याच वर्षांत आणखी एक गोष्ट ध्यानात आली होती: जंतूंची जी मात्रा मद्रासच्या उंदराला मारायची, ती मुंबईचा उंदीर पुष्कळदा पचवायचा. मद्रासमध्ये प्लेग कधी नीट रुजला नव्हता, तर मुंबईत तो वर्षानुवर्षं ठाण मांडून होता. कच्चे उंदीर मरून गेले, उरले ते चिवट, आणि पुढची वीण त्यांचीच. हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखे यांनी चित्रे यांच्यासह हिंदुस्थानातल्या रानटी उंदरांच्या या प्रतिकारशक्तीवर 1937 मध्ये निबंधही प्रसिद्ध केला. पण जनुक वाचायची सोयच तेव्हा नव्हती.

ती यायला पुष्कळ वर्षं गेली. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या शुद्ध जाती तयार झाल्या. शरीराला आपलं-परकं ओळखायला मदत करणारा उंदराचा जनुकसमूह, आरटी-1, विसाव्या गुणसूत्रावर सापडला. 2004 मध्ये ‘ब्राउन नॉर्वे’ जातीच्या उंदराचा जीनोम प्रसिद्ध झाला.

प्लेगचा धागा मात्र मादागास्करात जुळला. तिथे प्लेग 1898 मध्ये जहाजांतून उतरला, आणि तीही साथ आपल्याकडूनच गेली असं मानतात. डोंगराळ भागात तो टिकला. आज तिथले काळे घरउंदीर प्लेगला दाद देत नाहीत, किनाऱ्यावरचे मात्र पटकन मरतात. मुंबई-मद्रासचीच ही जोडी! पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लांतही हा फरक टिकला, म्हणजे तो वारशाने येतो. शार्लोट टोलेनेर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये सीसीआर-5 या जनुकात एक बदल दाखवला. प्रयोगात प्लेगला पुरून उरलेल्या उंदरांत तो जास्त आढळला. एका जनुकावर सगळं कोडं सुटत नाही, हेही खरं.

हे निव्वळ जुनं कुतूहल नाही. चिवट उंदीर मरत नाही, पण जंतू सांभाळू शकतो. म्हणजे उंदीर पडले नाहीत म्हणून प्लेग नाही, असं धरता येत नाही. 1994 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामल्यात आधी उंदीर पडले, पिसवांचा त्रास झाला, मग माणसांना गाठी आल्या. त्या वेळी निदान इशारा तरी मिळाला.

महाराष्ट्रातल्या घरउंदरांचे नमुने गोळा करून त्यांची प्रतिकारजनुकं ठरावीक काळाने तपासायला हवीत. परळला हाफकिन आहे, आमच्या शेजारी राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. उंदीर तर कमी पडणार नाहीत.