टबात वाढवा वेखंड 🌿

बाळगुटीतलं वेखंड माहीत नाही असं मराठी घर विरळा. पण ते जिवंत झाड म्हणून पाहिलंय? चामराजपुरमसारख्या म्हैसूरच्या जुन्या वस्तीत, अंगणाच्या कोपऱ्यातही ते छान वाढतं.

वेखंड (अ‍ॅकोरस कॅलॅमस) ही आपल्याकडची पाणथळ जागेतली बहुवर्षायू वनस्पती. पानं तलवारीसारखी, चुरगळली की सुवासिक. चिखलात आडवं पसरणारं खोड म्हणजेच वेखंड. कन्नडमध्ये याला ‘बजे’ म्हणतात, नर्सरीत तेच नाव सांगा.

लावायचं कसं?
🔸 दुकानातलं वाळलेलं वेखंड फुटत नाही. डोळा असलेला ओला तुकडा घ्या.
🔸 भोक नसलेला, पसरट टब घ्या. त्यात माती आणि थोडं कुजलेलं शेणखत भरा.
🔸 तुकडा आडवा, जेमतेम मातीआड लावा.
🔸 माती कायम ओली हवी. वर दोन बोटं पाणी असलं तरी चालतं.
🔸 ऊन हवं, पण एप्रिलमध्ये दुपारची सावली बरी.
🔸 टब गच्च भरला की खोड कापून वेगळं लावा. बियांची वाट पाहू नका.

डासांचं काय? पाणी मातीवर साचू देऊ नका, किंवा मोठ्या टबात गप्पी मासे सोडा.

⚠️ वेखंडात बीटा-असॅरोन हे घातक द्रव्य असतं. अमेरिकेत 1968 पासून खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी आहे. त्यामुळे घरचं वेखंड उगाळून बाळाला चाटवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

कुणाकडे वाढतंय? फोटो टाका!