स्पीडगनवरची ड्युटी

सकाळी ६:४५. महामार्ग पोलिसांच्या केंद्रावर हजेरी लागली की पहिलं काम स्पीडगनचं. पेटीतून काढायची, बॅटरी बघायची, काच मऊ फडक्यानं पुसायची. आवारात टेपनं मोजून खूण केलेली जागा आहे, तिथून भिंतीवर मारून अंतराचा आकडा बरोबर येतो का ते बघायचं. मग विजेच्या खांबाची चाचणी. गन डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवली की दुर्बिणीतला ठिपका खांबावर येतो त्याच क्षणी आवाज बदलला पाहिजे. जरा आधी किंवा नंतर बदलला तर ती गन त्या दिवशी रस्त्यावर न्यायची नाही, नाहीतर एकाच्या वेगाचं चलान दुसऱ्याला जाईल. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र दर वर्षी नव्यानं घ्यावं लागतं. त्याची प्रत गाडीत असते आणि मागेल त्याला मी दाखवतो. मागणं हा त्याचा हक्कच आहे.

८:१५. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण बोगदा ओलांडून इंटरसेप्टर, म्हणजे आमची वेगतपासणीची गाडी, उभी करतो. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या इथं सरळ रस्ता मिळाला की सुटतात. कारला मर्यादा १०० ची.

गनमधून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त लेझर प्रकाशाचे स्पंद निघतात, सेकंदाला शंभराच्या वर. तीनशे मीटरवरच्या गाडीवर आपटून परत यायला स्पंदाला दोन मायक्रोसेकंद लागतात. गाडी जवळ येते तसा हा वेळ घटत जातो आणि त्या घटीवरून वेग निघतो. अर्ध्या सेकंदाच्या आत आकडा पडद्यावर. नेम नंबरप्लेटवर धरायचा, कारण तिचा चकचकीत पृष्ठभाग प्रकाश सरळ माघारी धाडतो. रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यानं कोन पडतो, पण त्याचा फायदा चालकालाच होतो: दहा अंशांचा कोन असेल तर १२० ची गाडी ११८ दाखवते. ‘तुमची गन वाढवून दाखवते’ म्हणणाऱ्यांना मी हे समजावून सांगतो. काहींना पटतं.

१०:३०. एक पांढरी एसयूव्ही तिसऱ्या लेनमधून येते. ट्रिगर दाबतो, आकड्याऐवजी एरर. पुन्हा दाबतो, पुन्हा एरर. तेवढ्यात दुर्बिणीत तिचं बॉनेट खाली झुकतं. म्हणजे जोरात ब्रेक. मागची खासगी बस भोंगा वाजवत डावीकडे निसटते. दोन सेकंदांनी आकडा येतो: ९४.

हा लेझर जॅमर. जाळीत नंबरप्लेटच्या दोन्ही बाजूंना आगपेटीएवढे काळे डबे बसवलेले असतात. गनचे स्पंद आले की ते ओळखतात आणि त्याच तालावर आपले स्पंद उलट मारतात, म्हणजे गनला खरा परावर्तित प्रकाश कुठला ते कळेनासं होतं. आत चालकाला सूचना मिळते, तो वेग उतरवतो आणि मग जॅमर बंद करतो. नव्या गन स्पंदांचा ताल बदलत राहतात, गडबड ओळखून इशाराही देतात. मीही नेम प्लेटवरून हेडलाइटवर सरकवतो, गाडी जवळ येऊ देतो. पण ९४ वर चलान होत नाही. खालापूर नाक्यावर आमच्या माणसानं गाडी थांबवली, तर चालक शांतपणे म्हणाला, “साहेब, आकडा दाखवा ना.” मर्यादेवरचा आकडा नव्हता. सोडून दिलं.

चलान गेल्याचं मला काही वाटलं नाही. कायद्यात कारला दंड हजार ते दोन हजारांचा. त्यानं सरकार श्रीमंत होत नाही. ती बस डावीकडे निसटली तेव्हा त्या लेनमध्ये ट्रक नव्हता, एवढंच मनात राहिलं.

१:३०. गाडीच्या सावलीत डबा. बरोबरचा नवा पोरगा विचारतो, चालकाला गनची नुसती चाहूल देणारा डिटेक्टर आणि जॅमर वेगळे का? रडार गन रेडिओलहरी सोडते, त्या रुंद पसरतात, दूरवर सांडतात. डिटेक्टरला आधीच सुगावा लागतो. अमेरिकेत यावर मोठा धंदा उभा राहिला. सिनसिनाटी मायक्रोवेव्ह कंपनीचा ‘एस्कॉर्ट’ १९७८ मध्ये आला तो याच खटपटीतून. व्हर्जिनिया राज्यात डिटेक्टरला बंदी आहे, आणि तिथले पोलीस तो पकडतात कसा? डिटेक्टर स्वतःच आतून थोड्या रेडिओलहरी गळू देतो, त्या टिपणारं यंत्र घेऊन! लेझरचं तसं नाही. तीनशे मीटरवर त्याचा झोत जेमतेम मीटरभर रुंद. नुसता डिटेक्टर वाजतो तेव्हा बहुधा आकडा माझ्या पडद्यावर येऊन गेलेला असतो. म्हणून जॅमर.

३:००. घाटात. इथं कारला ६० ची मर्यादा, पण वळणांमुळे गनला सरळ नजर मिळत नाही. इथं कमानींवरचे कॅमेरे कामाचे. दोन ठिकाणी नंबर टिपायचा आणि मधल्या वेळावरून सरासरी काढायची. दहा किलोमीटर सात मिनिटांत कापले तर वेग ८५ च्या वर, मग कॅमेऱ्याखाली ब्रेक मारून काय उपयोग? माझ्या मते पुढचा काळ याचाच आहे, आणि असावा.

४:१०. वायरलेस: ट्रकचा टायर फुटलाय, मधल्या लेनमध्ये उभा. पोहोचेपर्यंत क्लीनरनं झाडाची फांदी मागं टाकलेली. आम्ही शंकू मांडत मांडत मागं जातो, मी लाल झेंडा घेऊन सर्वांत मागं. १०० च्या वेगात कोरड्या रस्त्यावर नुसत्या ब्रेकला पन्नास-साठ मीटर लागतात, १४० ला त्याच्या दुप्पट. ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी धावते ते वेगळंच. झेंडा हलवताना समोरच्या प्रत्येक काचेकडे बघतो, यानं मला पाहिलंय का? ज्यांनी डिटेक्टरवर हजारो रुपये घातले, त्यांच्याही गाडीत या क्षणी काहीच वाजत नसतं. उभा ट्रक लहरी सोडत नाही. क्रेन यायला पाऊण तास लागतो.

६:४०. केंद्रावर परत. गन चार्जिंगला, नोंदवही, सही. साहेबांकडे एक अर्ज देतो: वेगतपासणीच्या इशाऱ्याचा फलक सुबाभळीनं झाकला गेलाय. फलक दिसला पाहिजे असं नियमच सांगतो, आणि लपून मोजलं की लोक जॅमर शोधतात, हे माझं जुनं म्हणणं. साहेब म्हणाले, “पत्र पाठवू, पण उत्तर येईपर्यंत थांबू नका.” उद्या निघताना गाडीत कोयता घ्यायचा.