अजिंक्यपद कोणाचे?

हावड्याहून मुंबईकडे येणाऱ्या लोहमार्गावर रायपूर मागे पडले, की दुर्गच्या थोडे अलीकडे भिलाई लागते. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी झालेल्या करारातून येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्यापाठोपाठ सेक्टरांची आखीव वसाहत आली. तीत बंगाली, तेलुगू, मल्याळी, मराठी अशी नाना प्रांतींची कुटुंबे नांदू लागली. अशा गावाला आजापणजांच्या वेळचा आखाडा कोठून असणार? त्याने जो खेळ आपलासा केला, तोही त्याच्यासारखाच आधी कागदावर आखून मग उभारलेला होता. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तेरा नियम लिहून काढले, सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, आणि बास्केटबॉल जन्मास आला.

भिलाईचे नाव या खेळात झाले ते मुख्यतः मुलींमुळे. सेक्टर एकमधील पंत स्टेडियमवर तयार झालेल्या मुलींनी छत्तीसगडला कुमारी गटांची राष्ट्रीय अजिंक्यपदे वारंवार मिळवून दिली. साहजिकच जेथे विजय, तेथे वादही आला. कोणता संघ सर्वांत बलाढ्य? कोणती खेळाडू थोर? आणि तिच्या मागे काय उरले? वरवर पाहता या रिकाम्या वेळच्या गप्पा. परंतु त्यांच्या तळाशी एक खराखुरा प्रश्न आहे, आणि तो या खेळाच्या घडणीतूनच उद्भवतो.

हॉकीत किंवा क्रिकेटमध्ये एक खेळाडू म्हणजे संघाचा अकरावा हिस्सा. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका बाजूचे पाचच जण असतात. त्यामुळे एकच तारा सामन्याचे पारडे फिरवू शकतो. पण नेमक्या याच कारणाने त्याला जखडणेही सोपे जाते. दोघांनी त्याला घेरले, की उरलेल्या चौघांची परीक्षा सुरू होते. टोपलीत पडलेला चेंडू सर्वांना दिसतो. त्याआधी कोणी वाट अडवून धरली, कोणी अचूक क्षणी चेंडू सोडला, हे मात्र प्रेक्षक घरी पोहोचेपर्यंत विसरून जातात.

अमेरिकेत हा वाद दोन नावांभोवती वर्षानुवर्षे फिरत राहिला. विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ रोजी एका सामन्यात एकट्याने १०० गुण केले. त्या हंगामात त्याची सरासरी सामन्यागणिक ५० गुणांच्या वर होती! त्याचा प्रतिस्पर्धी बिल रसेल गुणांच्या बाबतीत त्याच्या आसपासही नव्हता. तो प्रतिपक्षाचे फेक अडवी आणि फळ्यावर आदळून परतलेला चेंडू हस्तगत करी. पण रसेलच्या बॉस्टन संघाने तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे जिंकली, तर चेंबरलेनच्या वाट्याला साऱ्या कारकिर्दीत दोनच आली. गुण मोजणारे एकाला थोर म्हणतात, विजेतेपदे मोजणारे दुसऱ्याला. तथापि रसेलची अकरा विजेतेपदे ही त्याच्या सोबत्यांचीही होती आणि त्यांतील बहुतेक रेड आवरबाख या प्रशिक्षकाचीही, ही गोष्ट दुसरा पक्ष सोयीस्करपणे विसरतो.

भिलाईतही प्रशिक्षकाशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. राजेश पटेल यांनी छत्तीसगडच्या आदिवासी आणि गरीब वस्त्यांतून मुली शोधून काढल्या. काहींना स्वतःच्या घरी ठेवून घेतले. त्यांच्या तालमीतून सीमा सिंग, अंजू लाक्रा, भारती नेताम अशा खेळाडू भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. मूळची कानपूरची, जवळजवळ सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदी हिचेही शिक्षण भिलाईतच झाले. दहा फुटांवरील कड्याखाली ती उभी राहिली म्हणजे प्रतिपक्षाच्या योजना कोलमडत. तिची गुणसंख्या पाहून तिला तारा म्हणणे सोपे आहे. पण उंच खेळाडूच्या हाती चेंडू नेमका पोहोचविणे ही दुसऱ्याच कोणाची तरी कामगिरी असते, हे गुणफलकावर उमटत नाही. पटेल २०१८ साली निवर्तले.

खरी मेख पुढेच आहे. कारखान्याचे गाव मुलगी घडविते, पण तिला आयुष्यभराची नोकरी हवी असते, आणि खेळाडू स्त्रियांना ती देण्यात रेल्वे अग्रेसर आहे. वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ राज्यांच्या संघांपासून वेगळा उतरतो आणि दीर्घकाळ त्याचेच वर्चस्व राहिले आहे. अशा वेळी भिलाईत वाढलेली मुलगी रेल्वेचा गणवेश घालून छत्तीसगडविरुद्ध उभी राहिली, तर तिच्या विजयाचे श्रेय कोणाचे? निष्ठावंत चाहता हळहळतो आणि गावाने पेरलेले रेल्वेने कापले असे म्हणतो. ही हळहळ समजण्याजोगी असली, तरी न्याय्य नव्हे. ज्या घरात पगाराचा माणूसच नव्हता, तेथे महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार कोणत्याही करंडकापेक्षा कमी तोलाचा मानता येत नाही. शिवाय ती नोकरी समोर दिसते, म्हणूनच पुढच्या वर्षी आणखी काही आईबाप आपल्या मुलींना मैदानावर पाठवितात.

महाराष्ट्रातील क्रीडारसिकांना ही तक्रार परकी वाटू नये. भारतीय महिला संघाचे कर्णधारपद भूषविलेली शिरीन लिमये ही पुण्याची. महाराष्ट्राकडून खेळून ती नावारूपास आली, आणि पुढे तीही रेल्वेच्याच संघातून उतरली.