मांडीवरची गिटार आणि गंधाराचे चार मिलिमीटर

तुणतुणे आपल्याकडच्या मुलांना नवे नसते. तुळजापूरच्या देवीचा गोंधळ ज्याने पाहिला आहे, त्याने संबळाच्या जोडीने चालणारा तो एकच सूर ऐकलेला असतो. एक तार, एक खुंटी आणि तळाशी चामड्याने मढवलेले लाकडी नळकांडे, एवढेच ते वाद्य. तार छेडली की ठरलेला सूर निघतो आणि पुन्हापुन्हा तोच निघतो. आता अशाच एखाद्या ताणलेल्या तारेवर गुळगुळीत, जड कांब टेकवली आणि ती मागेपुढे सरकवली तर? तारेचा कंप पावणारा भाग लहानमोठा होईल, सूर वरखाली जाईल आणि तार गाऊ लागेल. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार, जिला आपण हवाईयन गिटार म्हणतो, ती एवढ्याच युक्तीवर चालते.

ही युक्ती परदेशातूनच आली असे समजण्याचे कारण नाही. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीला, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. त्यात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. या वीणेला पडदे नसत. डाव्या हातातला बांबूचा तुकडा, म्हणजे कम्रिका, तारेवरून सरकवून स्वर काढत. विचित्र वीणा आणि दक्षिणेतले गोटुवाद्य ही त्याच जातीची वाद्ये. हवाई बेटांवर जोसेफ केकुकू याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर घेऊन पोलादी कांबीने वाजवण्याची पद्धत रूढ केली. ती आपल्या देशात आली आणि इथल्या गायकीला मानवली. ब्रिजभूषण काबरा यांची गिटार १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेतून घरोघरी पोचली. पुढे विश्वमोहन भट्ट यांना त्यांच्या मोहनवीणेतील वादनासाठी १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पडदे नसल्यामुळे मींड अखंड घेता येते, हे या वाद्याचे आपल्या संगीताशी जमण्याचे मुख्य कारण.

आमचा रस मात्र आणखी एका गोष्टीत आहे. पडदे नसल्यामुळे स्वर कुठे आहे हे वाद्य सांगत नाही, ते कानाने शोधावे लागते. आणि कानाने शोधलेली जागा फूटपट्टीने मोजता येते. प्रयोगशाळेतल्या कपाटात प्रात्यक्षिक परीक्षेची वाट पाहत पडलेला सोनोमीटर जे काम करतो, तेच काम हे वाद्य करते, फक्त मुले ते आपणहून हातात घेतात.

भूमला आम्ही हे वाद्य केले तेव्हा लागलेले सगळे सामान लाकडाची वखार, सायकलचे दुकान आणि लेथ चालवणारा कारागीर एवढ्यांकडे मिळण्यासारखे होते. सागाची किंवा आंब्याची ७५ सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि किमान अडीच सेंटिमीटर जाड फळी घ्यावी. दोन्ही टोकांकडे लोखंडी अँगलचे तुकडे स्क्रूने बसवावेत. या आपल्या घोड्या. दोन घोड्यांच्या कडांमधले अंतर बरोबर ६० सेंटिमीटर हवे. ते ६१ झाले तर वाद्य वाजेल, पण पुढचे गणित विनाकारण किचकट होईल. तारा फळीपासून ८ ते १० मिलिमीटर उंच राहाव्यात. खुंट्यांसाठी गिटारच्या चाव्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर लांब आट्यांचे आयबोल्ट आणि नट चालतात. नट फिरवला की तार ताणली जाते.

तार मात्र पोलादाचीच हवी. सतारीच्या बाजाची ०.३ मिलिमीटर जाडीची तार सर्वांत चांगली. मिरजेच्या तंतुवाद्याच्या दुकानातून ती मागवता येते. अगदीच नाही तर सायकलच्या ब्रेकच्या केबलमधला एक पदर सरळ करून वापरावा. बांधकामावरची बाइंडिंगची तार घेऊ नये. ती मऊ असते, ताण दिला की लांब होत राहते आणि सूर दर मिनिटाला उतरतो. ०.३ मिलिमीटरच्या एक मीटर पोलादी तारेचे वजन सुमारे ०.५५ ग्रॅम भरते. ६० सेंटिमीटर लांबीवर तिची कंपनसंख्या २०० हर्ट्झ, म्हणजे पेटीच्या खर्जातल्या पांढरी पाचच्या जवळपास, आणायची तर सूत्राप्रमाणे ३२ न्यूटन ताण लागतो. सव्वातीन किलोचे वजन तारेला टांगल्यासारखेच हे झाले. विद्यार्थ्यांनी हे आकडे स्वतः काढावेत.

अशा तीन तारा शेजारीशेजारी, एक सेंटिमीटर अंतराने लावाव्यात आणि तिन्ही एकाच षड्जात मिळवाव्यात. चौथी तारही षड्जातच, पण इतरांपासून तीन सेंटिमीटर दूर, कांब तिला लागणार नाही अशी. ती आपली तुणतुण्याची तार. तीन तारांचे कारण पुढे येईल.

भरीव फळीचा आवाज फार लहान असतो, कारण बारीक तार फारशी हवा हलवू शकत नाही. फळी लाकडी टेबलावर ठेवून तार छेडली तर टेबल कंप पावते आणि आवाज वाढतो. तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेवली तर आणखी वाढतो, पण थोडा पत्र्यासारखा होतो. बझरमधली पितळी चकती घोडीजवळ चिकटवून तिच्या दोन तारा छोट्या ध्वनिवर्धकाला जोडल्या तर सगळ्या वर्गाला ऐकू जाते. ध्वनिवर्धक बॅटरीवर चालणाराच असावा. घरगुती विजेवरचे उघडे मंडल मुलांच्या हाती देऊ नये.

आता कांब. १५ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी कांबीचा ८ सेंटिमीटरचा तुकडा लेथवर कापून चकचकीत करून घ्यावा. त्याचे वजन ११० ग्रॅमच्या आसपास येते. ६० सेंटिमीटर तारेचे वजन ग्रॅमचा तिसरा भाग. म्हणजे कांब तारेच्या ३०० पटींहून जड आहे, म्हणूनच तारेतून आलेली लाट कांबीपाशी पोचून जवळजवळ संपूर्ण परत फिरते. मऊ बोट नुसते टेकवले तर ते लाटेतली ऊर्जा शोषून घेते आणि सूर लगेच विझतो. एकदा बोटाने आणि एकदा कांबीने करून पाहावे, फरक सांगावा लागत नाही.

आता फळीवर तारांखाली फूटपट्टी चिकटवा. शुद्ध स्वरांची षड्जाशी गुणोत्तरे आपल्याला माहीत आहेत. ऋषभ ९/८, गंधार ५/४, मध्यम ४/३, पंचम ३/२, धैवत ५/३, निषाद १५/८ आणि तार षड्ज २. लांबी कंपनसंख्येच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ६० ला या गुणोत्तरांनी भागायचे. ऋषभ ५३.३ वर येतो. पुढे गंधार ४८, मध्यम ४५, पंचम ४०, धैवत ३६, निषाद ३२ आणि तार षड्ज ३० सेंटिमीटर. (ही लांबी नखीने छेडायच्या बाजूच्या घोडीपासून कांबीच्या मध्यापर्यंतची.) ऋषभ सोडला तर सगळे पूर्णांक. ६० सेंटिमीटरचा आग्रह यासाठी होता.

पण पेटीवर गंधाराची पट्टी दाबून तोच सूर तारेवर शोधला तर कांब ४८ वर थांबायला नको, ४७.६ वर थांबायला हवी. पेटीच्या सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या सुमारे १.०५९५ पट. चार पट्ट्या चढल्यावर १.२६ येते, १.२५ नाही. पंचमात हा फरक अर्धा मिलिमीटर, डोळ्याला दिसणारही नाही. गंधारात मात्र चार मिलिमीटर आहे.

याच चार मिलिमीटरांवरून आपल्याकडे मोठे वाद झाले आहेत. सांगलीचे निवृत्त उपजिल्हाधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या मदतीने गायकीतल्या स्वरांची मापे तारेच्या लांबीवरून काढण्याचा उद्योग केला आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे सगळेच निष्कर्ष सर्वांना मान्य झाले असे नाही. पण वादात मोजमाप आणले, हे त्यांचे काम आम्हाला मोलाचे वाटते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती सुमारे तीस वर्षे टिकली. पेटीत मींड नाही आणि तिचे स्वर आपल्या स्वरांशी जुळत नाहीत, हे त्यामागचे आक्षेप.

कोण बरोबर, हे वर्गात ऐकता येते. चौथी तार छेडा आणि तिच्यासोबत पहिल्या तारेवर गंधार. २०० हर्ट्झच्या षड्जात त्याच्या पाचपट, म्हणजे १००० हर्ट्झचा उपस्वरही असतो. २५० हर्ट्झच्या गंधारात चौपट, म्हणजे पुन्हा १०००. दोन्ही एकमेकांत विरघळतात. पेटीचा गंधार साधारण २५२ चा, त्याची चौपट १००८. १००० आणि १००८ एकत्र आले की सेकंदाला आठ वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. याला विस्पंद म्हणतात. कांब ४७.६ वरून सावकाश ४८ कडे नेताना ही थरथर मंदावत जाऊन थांबते. तेव्हा षड्जाच्या साथीने गाणाऱ्याचा कान ४८ च का पसंत करतो, याचे कारण दैवी नाही, मोजता येण्याजोगे आहे. पेटीलाही दोष देण्यात अर्थ नाही. कोणत्याही पट्टीपासून गाणे सुरू करता यावे यासाठी तिने ही तडजोड पत्करली आहे.

या प्रयोगात एक सापळा आहे. मुलांनी डोळे मिटून गंधार शोधावा आणि दुसऱ्याने माप लिहावे असे केले, तर पहिल्या दिवशी मापे हमखास ४८ च्या वर जातात. कारण हात जड असतो. गंधाराच्या जागी तार २ मिलिमीटर खाली दाबली तर ती ०.०२ मिलिमीटरने ताणली जाते. केसाच्या जाडीपेक्षाही हे कमी, पण पोलाद इतके ताठर आहे की ताण दीड टक्क्याने वाढतो आणि कंपनसंख्या पाऊण टक्क्याने. पेटीचा गंधार आणि शुद्ध गंधार यांतला फरकही पाऊण टक्क्याच्या थोडाच वर आहे! म्हणजे जड हाताने शोधलेला पेटीचा गंधारही ४८ वर सापडेल आणि आपण नसत्या निष्कर्षावर खूश होऊ.

कांब नुसती ठेवली तरी तिच्या वजनाने एकटी तार तिथे तीन मिलिमीटर दबते. तेच वजन तीन तारांवर वाटले की दबणे एक मिलिमीटरवर येते आणि चूक आठव्या-नवव्या हिश्श्याएवढीच उरते. म्हणून तीन तारा. उरलेल्या दोन छेडायच्या नाहीत, त्या केवळ कांबीला झेलतात. शिवाय कांबीचे थोडे वजन हातानेच उचलून धरावे. मोबाइलवर कंपनसंख्या दाखवणारी साधने हल्ली मिळतात. त्यांवर एकाच जागी हात हलका आणि जड करून आकडा कसा चढतो ते आधी पाहावे, मग मापे घ्यावीत. दर मापाआधी मोकळी तार २०० वर आहे ना, तेही तपासावे.

वाजवायला शिकताना डाव्या हाताची मधली दोन बोटे कांबीच्या मागे तारांवर अलगद टेकलेली ठेवावीत, नाहीतर मागचा तुकडाही वाजतो. कांब तारांना काटकोनात हवी आणि नजर बरोबर वरून. पहिले काही दिवस फक्त सा, प आणि तार सा. त्यांची जागा न बघता सापडू लागली की सा पासून ग पर्यंत कांब न उचलता न्यावी आणि चौथ्या तारेची थरथर कुठे थांबते ते ऐकावे.